दोन गावांचे पाळक

अक्षरओळखीच्या वर्गात आपण पहिल्याप्रथम काय शिकलो? आपले नाव लिहायला. आधी पाटीवर नाव आले, मग कागदावर आले. ज्या दिवशी अंगठा सुटला आणि कागदावर स्वतःच्या हाताने सही केली, तो दिवस तुमच्यापैकी पुष्कळांच्या ध्यानात असेल. सही म्हणजे माणसाचा शब्द. कागदात जे लिहिले आहे ते मला कबूल आहे, असा सहीचा अर्थ.

आज आम्ही अशा एका माणसाची हकीगत सांगणार आहोत, की ज्याच्यापुढे एक कागद ठेवला होता. त्यावर सही केली असती, तर तो कैदेतून सुटून बायकामुलांत गेला असता. माणूस भरपूर शिकलेला होता. पण त्याने सही केली नाही.

त्यांचे नाव पाउल श्नायडर. देश जर्मनी. ते खेड्यातले ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. आपल्याकडचे ख्रिस्ती लोक आपल्या धर्मोपदेशकाला 'पाळक' म्हणतात. जर्मन लोक जो शब्द वापरतात, त्याचाही मूळ अर्थ मेंढपाळ असाच आहे. मेंढपाळ काय करतो? कळपाबरोबर राहतो. पाऊस आला, लांडगा आला, तरी कळप टाकून घरी जात नाही. हा अर्थ ध्यानात ठेवा. पुढे जे घडले, ते सगळे या एका शब्दात आहे.

श्नायडर यांचा जन्म १८९७ सालचा. वडीलही पाळकच होते. पहिले महायुद्ध झाले तेव्हा पाउल तरुण होते. ते सैन्यात गेले, लढले, त्यांना पदकही मिळाले. म्हणजे देशाचे वैरी म्हणावे असा हा माणूस नव्हे. युद्धानंतर त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास केला. मधले काही महिने त्यांनी पोलादाच्या कारखान्यात, भट्टीवर मजुरी केली. मजुराचे जिणे कसे असते, ते स्वतः जगून बघावे, असे त्यांच्या मनात होते. १९२६ मध्ये वडील वारले. त्यांच्या जागी पाउल पाळक झाले. त्याच साली मार्गारेट या मुलीशी त्यांचे लग्न झाले. पुढे त्यांना सहा मुले झाली.

आता त्या वेळच्या जर्मनीविषयी थोडे सांगायला हवे. नाहीतर पुढचे नीट समजणार नाही.

पहिल्या महायुद्धात जर्मनी हरली. पुढे एक वेळ अशी आली, की पैशाला मोल राहिले नाही. १९३३ च्या सुरुवातीला त्या देशात सुमारे ६० लाख माणसे बेकार होती. अशा वेळी 'मी काम देतो, मी देश पुन्हा मोठा करतो' असे म्हणणारा पुढारी लोकांना हवा असतो. तसा पुढारी मिळाला. त्याचे नाव हिटलर. त्याच्या पक्षाच्या लोकांना नाझी म्हणत. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलरच्या हाती सत्ता आली. सहा महिन्यांत बाकी सगळे पक्ष बंद झाले. वर्तमानपत्रे त्याच्या मुठीत गेली. ज्यू नावाच्या समाजावर सगळ्या दुःखाचे खापर फोडण्यात आले. पुढे युद्धाच्या काळात नाझींनी सुमारे ६० लाख ज्यू माणसे मारली. त्यात म्हातारेकोतारे होते, तान्ही बाळे होती.

हे सगळे एका दिवसात झाले नाही. आधी साध्या गोष्टी आल्या. रस्त्यात कोणी भेटले की 'नमस्कार' म्हणायचे नाही, हात वर करून हिटलरच्या नावाचा जयजयकार करायचा. पोरांनी हिटलरच्या संघटनेत जायचे. झेंडा दिसला की सलाम ठोकायचा. त्या झेंड्यावर आपल्या स्वस्तिकासारखेच चिन्ह होते, फक्त तिरके केलेले. आपल्या घरी उंबऱ्याशी आपण जे मंगल म्हणून काढतो, त्याच आकाराच्या झेंड्याखाली त्या लोकांनी असली कामे केली. काय म्हणावे याला!

ख्रिस्ती धर्मसंस्थेतही हे वारे शिरले. काही पाळक म्हणू लागले, की आपला धर्म आणि हिटलरचा पक्ष एकच. ज्यांचे आईबाप किंवा आजीआजोबा ज्यू होते, त्या पाळकांना काढून टाका, अशीही मागणी झाली. ज्यांना हे पटेना, त्या पाळकांनी १९३४ मध्ये आपला वेगळा संघ केला. श्नायडर या संघाचे झाले. पण खरे ते सांगायला हवे. अगदी सुरुवातीला, १९३३ साली, हिटलरकडून देशाचे काही भले होईल, असे श्नायडर यांनाही वाटले होते. ती आशा थोड्याच महिन्यांत सरली. आणि हा जो संघ निघाला, तोसुद्धा बहुतेक करून धर्माच्या कामात सरकारने हात घालू नये, एवढ्यासाठीच भांडला. ज्यू शेजाऱ्यांसाठी उघड बोलणारे त्यात फार थोडे निघाले.

श्नायडर यांचा स्वभाव बोलून टाकण्याचा. नाझी पुढाऱ्यांच्या वागण्याविषयी ते बोलले, तशी वरती तक्रार गेली. १९३४ मध्ये त्यांची बदली झाली. हुन्सरुक नावाचा एक डोंगराळ मुलूख जर्मनीच्या पश्चिमेला आहे. तिथे डिकेनशीड आणि वोमराथ ही दोन लहान शेतकरी गावे आहेत. या दोन गावांचे पाळक म्हणून ते आले. लांबच्या खेड्यात टाकले म्हणजे हा गप्प बसेल, असे कोणाला वाटले असेल, तर तो हिशेब चुकला.

आल्याला महिना-दोन महिनेही झाले नसतील. जून महिन्यात जवळच्या गावी एक तरुण मुलगा वारला. तो हिटलरच्या पोरांच्या संघटनेतला होता. त्याचा अंत्यविधी श्नायडर यांनी केला. तिथे नाझी पक्षाचा एक अधिकारी भाषणाला उभा राहिला. हॉर्स्ट वेसेल नावाचा एक नाझी तरुण १९३० मध्ये मारला गेला होता. पक्षाने त्याला मोठा वीर करून ठेवले होते. अधिकारी म्हणाला, की हा मुलगा आता स्वर्गात वेसेलच्या पथकात दाखल झाला. श्नायडर तिथल्या तिथे म्हणाले, की असले पथक वरती आहे की नाही हे मला ठाऊक नाही, देव या मुलाला आपल्या पदरात घेवो. अधिकाऱ्याने तेच वाक्य पुन्हा म्हटले. श्नायडर यांनी पुन्हा विरोध केला. मयताच्या कडेला उभे राहून हा वाद! काहींना तो बरा वाटला नसेल. पण श्नायडर यांचे म्हणणे असे, की ही पक्षाची सभा नव्हे, देवाचे काम आहे, इथे खोटे बोलू देणार नाही. त्यांना अटक झाली. आठवडाभराने सोडले.

पहिली अटक ती. पुढे असे होतच राहिले. १९३६ मध्ये हिटलरने मतदान घेतले. दुसरा पक्षच नव्हता, तेव्हा मत द्यायचे ते कोणाला? श्नायडर मत द्यायला गेले नाहीत. तर त्यांच्या घराच्या भिंतीवर रात्रीतून कोणी रंगाने त्यांच्याविरुद्ध लिहून गेले. गावातल्या माणसांनीच येऊन ती भिंत साफ केली.

ही भिंत साफ करणारी माणसे आम्हाला फार मोलाची वाटतात. त्यांची नावे कुठल्या पुस्तकात मोठ्या अक्षरात नाहीत. पण सारा गाव एका बाजूला होता, असेही समजू नका. गाव म्हटले की तट आलेच. नाझींच्या बाजूचे काही शिक्षक होते. त्यांच्या नादाने काही घरे पाळकाच्या विरुद्ध गेली. श्नायडर यांनीही नमते घेतले नाही. जे उघड उघड धर्माच्या विरुद्ध वागतात, त्यांना प्रभुभोजनाच्या पंगतीला बसू देऊ नये, असा जुना नियम होता. तो त्यांनी बाहेर काढला. त्याला मंडळीच्या पंचांचा पाठिंबा होता. झाले! तक्रारी वरपर्यंत गेल्या.

३१ मे १९३७ रोजी पोलिसांनी त्यांना पुन्हा नेले. हे साधे पोलीस नव्हते. ते 'गेस्टापो' म्हणजे हिटलरचे गुप्त पोलीस. कोब्लेंझ शहरात आठ आठवडे ठेवले. खटला नाही, न्यायाधीश नाही, वकील नाही. या कैदेला सरकारने नाव काय दिले होते ठाऊक आहे? 'संरक्षणाची कोठडी'. शब्द वाचला तर वाटेल, माणसाला सांभाळून ठेवले आहे. आपण वाचायला शिकलो आहोत, तेव्हा असले गोड शब्दही ओळखायला हवेत.

२४ जुलै १९३७ रोजी त्यांना सोडले, पण हातात एक हुकूम दिला. ऱ्हाईन नदीच्या ज्या प्रांतात त्यांची गावे होती, त्या प्रांतातून त्यांना हद्दपार केले होते. पोलिसांनी मोटारीतून त्यांना प्रांताच्या बाहेर नेऊन सोडले. श्नायडर यांनी तो कागद टाकून दिला आणि ते गावी परत आले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. ते उपदेशाला उभे राहिले.

मित्रांनी मग त्यांना समजावले. थोडे दिवस लांब जा, प्रकृती सुधारा, पुढचे पुढे बघू. ते ऐकून श्नायडर दोन महिने दुसऱ्या प्रांतात राहिले. हे सुखाचे दिवस होते. तिथेच राहिले असते तर कोणी बोट लावले नसते. दुसरीकडे पाळकाची जागाही मिळाली असती. पण मन लागेना. गावच्या पंचांचे बोलावणे आले. ऑक्टोबरमध्ये तिकडे सुगीचा सण असतो. पीक घरात आले की चर्चमध्ये धान्य, फळे, भाज्या मांडतात आणि देवाचे आभार मानतात. त्या दिवशी पाळकाने गावात नसावे, हे श्नायडर यांना सहन होईना. जाण्याआधी त्यांनी थेट हिटलरच्या कचेरीला पत्र लिहिले. हा हुकूम मी का पाळू शकत नाही, हे त्यात सांगितले. चोरून काही केले नाही.

३ ऑक्टोबर १९३७. सकाळी डिकेनशीडच्या चर्चमध्ये त्यांनी सुगीची प्रार्थना घेतली. संध्याकाळी दुसऱ्या गावी, वोमराथला जायचे होते. पोलिसांनी वाटेतच त्यांना धरले. वोमराथचे लोक वाट बघत राहिले.

पुन्हा कोब्लेंझचा तुरुंग. आणि नोव्हेंबरअखेर बुखेनवाल्डला रवानगी.

बुखेनवाल्ड या शब्दाचा अर्थ बीच नावाच्या झाडांचे रान. नाव किती छान! वायमार शहराजवळच्या टेकडीवर १९३७ च्या जुलैत हे रान तोडून तिथे कैद्यांची छावणी उभी केली होती. युद्ध संपेपर्यंत तिथे सुमारे २ लाख ८० हजार माणसे आणली गेली. त्यातली सुमारे ५६ हजार मेली. कोणी उपाशी, कोणी कामाने, कोणी माराने, कोणी गोळीने. छावणीच्या लोखंडी दारावर 'ज्याचे त्याला' अशा अर्थाचे शब्द आहेत. ते शब्द आतून वाचता येतील असे बसवले आहेत. म्हणजे बाहेरच्यांसाठी नव्हते ते. कैद्यांनी रोज वाचावे म्हणून होते.

आणि आता तो कागद. छावणीत श्नायडर यांना सांगण्यात आले, की सही कर आणि घरी जा. कागदात एवढेच होते, की मी हद्दपारीचा हुकूम मानतो, माझ्या गावी परत जाणार नाही. देवाला नाकार, असे त्यात नव्हते. हिटलरचा जयजयकार कर, असेही नव्हते. आमच्यासारख्या माणसाला वाटेल, की अहो, करून टाका सही! सहा लेकरे आहेत. दुसऱ्या गावी जा, तिथे देवाचे काम करा. त्यांच्या ओळखीच्या लोकांतही असे म्हणणारे होते.

श्नायडर यांचा विचार निराळा होता. मला या दोन गावांनी बोलावले. ही माणसे माझ्या हवाली केलेली आहेत. सरकारने खूण केली की मेंढपाळाने कळप सोडायचा, हे मी लिहून दिले, तर उद्या प्रत्येक पाळकाकडून तसेच लिहून घेतील. म्हणून सही नाही. छावणीत ते जवळजवळ २० महिने होते. सही करून बाहेर पडायची वाट त्यांना मोकळी होती.

बाप म्हणून ते बरोबर वागले का? आम्ही आपसात यावर बोललो. एकमत झाले नाही. आमच्यातल्या एकाचे म्हणणे असे, की मुलांचा विचार आधी. दुसरा म्हणाला, की सगळेच आपापल्या मुलांचा विचार करत बसले, म्हणून तर हिटलरचे फावले. तुम्हीही वर्गात यावर बोला.

१९३८ च्या एप्रिलमध्ये हिटलरचा वाढदिवस आला. कैद्यांना मैदानात उभे केले. झेंडा वर गेला. टोप्या काढून सलाम करण्याचा हुकूम झाला. हजारो टोप्या खाली आल्या. एक टोपी डोक्यावर राहिली. श्नायडर म्हणाले, की गुन्हेगारांच्या या निशाणाला मी सलाम करणार नाही. त्यांना लाकडी घोड्यावर बांधून २५ फटके मारले आणि एकांत कोठडीत टाकले. तिथून ते जिवंत बाहेर आले नाहीत.

या कोठड्या छावणीच्या दारालगतच होत्या. समोर हजेरीचे मैदान. सकाळ-संध्याकाळ हजारो कैदी तिथे रांगेत उभे असत. बोलायची चोरी. अशा वेळी कधीकधी एका कोठडीच्या खिडकीतून मोठा आवाज येई. श्नायडर खिडकीला धरून वर चढत आणि ओरडून सांगत, की मी पाळक पाउल श्नायडर बोलतो आहे, इथे माणसांना छळतात, मारतात. मग ते बायबलातले धीराचे शब्द सांगत. ईस्टरच्या दिवशी, म्हणजे येशू पुन्हा उठला त्या सणाला, त्यांनी असेच केले. दोन वाक्ये, तीन वाक्ये. तेवढ्यात पहारेकरी कोठडीत शिरे आणि आवाज बंद होई. मैदानातल्या माणसांना मग फक्त माराचे आवाज ऐकू येत. त्या पहारेकऱ्याचे नाव मार्टिन झोमर. १९३९ च्या जानेवारीत पळून गेलेल्या दोन कैद्यांना छावणीने मारले. त्या वेळीही श्नायडर यांनी खिडकीतून हा खून आहे असे बजावले.

मैदानात उभे असणारे सगळे काही ख्रिस्ती नव्हते. साम्यवादी होते, देव न मानणारे होते, ज्यू होते. त्यांच्यातल्या वाचलेल्या माणसांनी पुढे या आवाजाची आठवण लिहून ठेवली. म्हणून तर आज आम्ही ही हकीगत सांगू शकतो. छावणीने कैद्यांची नावे काढून घेतली होती आणि त्यांना नंबर दिले होते. हा एक माणूस मात्र आपले नाव मोठ्याने सांगत होता.

१८ जुलै १९३९ रोजी छावणीच्या डॉक्टरने सुई टोचून त्यांना मारले. स्ट्रोफॅन्थिन नावाचे ते औषध. थोडे दिले तर हृदयाला बळ देते, जास्त दिले तर हृदय बंद पाडते. सरकारी कागदात लिहिले, की हृदय बंद पडून मृत्यू. पण त्या दवाखान्यात लिखापढीच्या कामावर एक कैदीच होता. त्याचे नाव वाल्टर पोलर. त्याने डोळे उघडे ठेवले. तो जगला, आणि युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, त्याने पुस्तक लिहून खरे काय झाले ते सांगितले.

मार्गारेटबाईंना तार आली. २४ तासांत या, नाहीतर प्रेत जाळून टाकू, असा तिचा अर्थ होता. तिकडे प्रेत पुरण्याची रीत आहे. बाई रातोरात निघाल्या आणि पोचल्या. त्यांना नवऱ्याचे तोंड क्षणभर बघू दिले. जखमा दिसू नयेत म्हणून प्रेत सारवून ठेवलेले होते. पेटी बंद केली आणि ती उघडायची नाही असे बजावले.

आणि मग ते डिकेनशीडला परत आले. ज्या गावी परत जाणार नाही असे लिहून द्यायला ते तयार नव्हते, त्याच गावी. २१ जुलैला अंत्यविधी झाला. गुप्त पोलीस उभे राहून कोण कोण आले ते बघत होते. तरीही लांबलांबून दीडशेच्या वर पाळक आले. दोन्ही गावचे शेतकरी आले. शेजारच्या गावातले रोमन कॅथलिक पंथाचे लोकही आले. एरवी या दोन पंथांत फारसे येणेजाणे नसे.

हिटलरचे राज्य त्यामुळे पडले नाही. सहा आठवड्यांनी त्याने पोलंडवर हल्ला केला आणि दुसरे महायुद्ध पेटले. बुखेनवाल्डची छावणी ११ एप्रिल १९४५ ला मोकळी झाली. सुई टोचणाऱ्या डॉक्टरने त्याच वर्षी आत्महत्या केली. झोमर बराच काळ मोकळा होता. १९५८ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

श्नायडर यांची कोठडी आजही बघायला ठेवली आहे. २००० साली रोमन कॅथलिकांचे मुख्य गुरू पोप यांनी रोम शहरात विसाव्या शतकातल्या हुतात्म्यांची आठवण केली. तेव्हा दुसऱ्या पंथाच्या या खेडेगावच्या पाळकाचेही नाव घेतले गेले.

मार्गारेटबाईंनी नवऱ्याची पत्रे आणि आठवणी जमवून १९५३ मध्ये पुस्तक काढले. बुखेनवाल्डचा उपदेशक, असे त्याचे नाव. पुस्तक पुष्कळ लोकांनी वाचले. नवरा गेला तेव्हा बाईंचे वय ३५ होते. सहा मुले त्यांनी वाढवली. त्या २००२ साली वारल्या. तेव्हा त्या ९८ वर्षांच्या होत्या.